एकोणतीस सेंटचे अठ्ठावीस कसे होतात?

सुरतेच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात वजनाची भाषा कॅरेट आणि सेंटची. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, अवघे दोन मिलिग्रॅम. पूर्वी हा कॅरेट शहरागणिक वेगळा असे. १९०७ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तो २०० मिलिग्रॅमवर पक्का केला आणि पुढे हळूहळू सुरतेतलं वराछा, कतारगाम असो की अँटवर्प, न्यूयॉर्क, सगळीकडे एकच माप चालू लागलं. काट्यावर ०.२९ कॅरेट दिसलं की दलालाच्या तोंडी तो खडा ‘एकोणतीस सेंट’चा होतो.

हेच गणित जावा भाषेत लिहून बघा. वजन ‘डबल’ या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, शंभरानं गुणा आणि पूर्णांक हवा म्हणून ‘इंट’मध्ये टाका. प्रोग्राम सांगतो, अठ्ठावीस सेंट. वजनात काही चुकलेलं नाही, सूत्रही बरोबर आहे, तरी एक सेंट गेला. पूर्णांक करण्याआधी गुणाकार छापून पाहिला तर २८.९९९९९९९९९९९९९९६ असा आकडा दिसतो. ‘इंट’ करताना जावा दशांशापुढचं सगळं कापून टाकते, गोळाबेरीज करत नाही, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर नेत नाही, म्हणून हातात अठ्ठावीस उरतात. ०.५७ चे ५६ होतात, ०.५८ चे ५७, १.१५ चे ११४. पण ०.३० चे बरोबर ३०, ०.५० चे ५० आणि ०.७५ चे ७५. मेख इथेच आहे. कोड तपासायला बसलेला माणूस हाताला येतील ती गोल वजनं टाकून बघतो, सगळं जुळतं आणि प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जातो. पुढे महिनाअखेरीला पुड्यांची बेरीज जुळेना झाली की शोधाशोध सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा काट्यापासून किंवा काट्यावर बसलेल्या माणसापासून.

या चुकीबद्दल मला लिहावंसं वाटतं ते याचसाठी. जिच्यामुळे एखाद्या प्रामाणिक माणसावर संशय येऊ शकतो ती चूक एका ओळीत दुरुस्त होते, आणि तिचं कारण शाळेच्या गणितात बसतं.

आपण दहाच्या पायावर लिहितो. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. म्हणून ज्या अपूर्णांकाच्या छेदात फक्त दोन आणि पाच येतात तो दशांशात कुठेतरी संपतो. एक तृतीयांश संपत नाही, ०.३३३ असा चालतच राहतो. संगणक दोनच्या पायावर लिहितो, तेव्हा त्याच्याकडे छेदात फक्त दोनच चालतो. अर्धा, पाव, एक अष्टमांश त्याला नेमके लिहिता येतात. एक दशांश मात्र त्याच्यासाठी आपल्या एक तृतीयांशासारखाच, कधी न संपणारा. ‘डबल’मध्ये ५३ बिटांची जागा असते. तेवढ्यात मावेल तितकं लिहून बाकीचं जवळच्या आकड्यावर आणलं जातं. त्यामुळे आपण ०.१ लिहितो तेव्हा आत ०.१००००००००००००००००५५ असं काहीतरी बसतं, आणि ०.२९ लिहितो तेव्हा ०.२८९९९९९९९९९९९९९९८. शंभरांश घेतले तर ०.०० पासून ०.९९ पर्यंतच्या शंभर आकड्यांत नेमके बसणारे चारच: शून्य, पाव, अर्धा आणि पाऊण.

पाव, अर्धा, पाऊण. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, आणि त्या काळचा रुपयाही असाच अर्ध्याअर्ध्यानं मोडत जाणारा होता: सोळा आणे, चौसष्ट पैसे. आणा म्हणजे रुपयाचा एक सोळांश, पैसा म्हणजे एक चौसष्टांश. म्हणजे आणे-पैशांपर्यंतचा हिशेब ‘डबल’मध्ये एका कणाचीही चूक न होता मावला असता. पईला आल्यावर मात्र अडलं असतं, कारण रुपयाच्या १९२ पया, आणि १९२ मध्ये तीन हा अवयव येतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाची आकडेमोड सोपी झाली, पण पुढे घरोघरी येणाऱ्या द्विमान यंत्राला मात्र तोच शंभर अवघड जाणार होता.

यात एकट्या जावाचा दोष नाही. १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक ठरलं, त्यात गणितज्ञ विल्यम कॅहन यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि सी, पायथन, जावास्क्रिप्ट या सगळ्या भाषा व्यवहारात त्याच नियमांनी चालतात. कुठेही ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा, ०.३०००००००००००००००४ येतं. दहा सेंटचे दहा खडे एकेक करून मिळवले तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ कॅरेट भरतात आणि ‘एक कॅरेट झालं का?’ या प्रश्नाला प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो. तेच ०.१ ला दहानं गुणलं तर नेमकं १.० येतं, कारण बेरजेत दहा वेळा गोळाबेरीज होते आणि गुणाकारात एकदाच. लूपमध्ये बेरीज करणाऱ्या आणि थेट गुणाकार करणाऱ्या दोन माणसांचे हिशेब म्हणूनच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

हिऱ्याच्या धंद्यात तर कॅरेटच्या सीमेवरच पैसा असतो. बाजारभावाच्या तक्त्यात ०.९० ते ०.९९ चा भाव वेगळा आणि १.०० पासून पुढचा वेगळा, बराच वरचा. म्हणून वजनाच्या गोळाबेरजेचा धंद्याचा स्वतःचा नियम आहे. शाळेत पाचापासून पुढे वर न्यायला शिकवतात. इथे तिसऱ्या दशांशाला नऊ असेल तरच वर न्यायचं. ०.९९८ भरला तर तो ०.९९ च, ०.९९९ भरला तरच १.००. जावाची तयार गोळाबेरीज वापरली तर ०.९९५ चा खडाही एक कॅरेटचा होऊन बसेल. आधी आकड्याचा कण सुटायचा, आता गोळाबेरजेचा नियमच सुटला.

उपाय म्हणजे अपूर्णांक वापरायचाच नाही. काटा कॅरेटचा हजारावा भाग दाखवतो, मग तोच हजारावा भाग एकक धरा आणि वजन ‘लाँग’ या पूर्णांक प्रकारात ठेवा. ०.२९० कॅरेट म्हणजे २९०. बेरीज-वजाबाकी बिनचूक. धंद्याचा नवाचा नियम तर एका ओळीत बसतो: आकड्यात एक मिळवा आणि दहानं भागा. ९९९ चे १००० होऊन १०० सेंट मिळतात, ९९८ चे ९९९ होऊन, पूर्णांकांचा भागाकार शेपूट कापतो म्हणून, ९९. २९९ असेल तर ३०, २९८ असेल तर २९. दशांशाचा ठिपका फक्त पावती छापताना घालायचा. मला हा कोड फार सुंदर वाटतो. भागाकारात शेपूट कापण्याच्या ज्या सवयीनं पुढे वेळ मोजताना इतका घोळ होतो, तीच सवय इथे अचूक कामाला येते.

दर, टक्के, दलाली यांच्यासाठी जावात ‘बिगडेसिमल’ आहे. तो दशमान पद्धतीनंच हिशेब करतो. पण त्याला आकडा अवतरण चिन्हात, मजकूर म्हणून द्यावा लागतो. नुसतं ०.१ दिलं तर आधी त्याचं ‘डबल’ होतं, आणि मग ‘बिगडेसिमल’ ती पंचावन्न दशांश स्थळांपर्यंत चालणारी शेपटी इमानेइतबारे जपून ठेवतो. आणखी एक गोम म्हणजे ‘इक्वल्स’नं तुलना केली तर २.० आणि २.०० त्याला वेगळे वाटतात, म्हणून तुलनेला ‘कंपेअरटू’ वापरायचं. डेटाबेसमध्येही वजनाचा रकाना ‘फ्लोट’ न ठेवता ‘डेसिमल’ ठेवायचा, नाहीतर कोड सुधारूनही खालून तीच चूक वर येते.

‘डबल’ टाकाऊ आहे असं मात्र नाही. कच्च्या खड्याचं स्कॅनिंग करून त्यात किती मोठा पैलूदार हिरा बसेल हे शोधताना कोन, लांब्या, घनफळ लागतात. ही मोजलेली मापं आहेत. त्यांत यंत्राची चूकच ‘डबल’च्या चुकीपेक्षा कितीतरी पट मोठी. तिथे ‘डबल’च हवा, तो वेगवान आहे आणि पुरेसा नेमका आहे. जिथे मोजायचं तिथे ‘डबल’ आणि जिथे गणायचं तिथे पूर्णांक, एवढा भेद मनाशी पक्का असला की निम्मी कामं होतात.

आता घड्याळाकडे येऊ. वेळ आपण मोजतो असं वाटतं, पण संगणक ती गणतो. स्फटिकाचे ठोके गणले जातात, आणि ठोक्यांचे सेकंद करताना अपूर्णांक मध्ये येतो. या सांध्यावर घडलेली सर्वांत दुःखद चूक आखाती युद्धातली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दाहरान इथे अमेरिकी पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. ते सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश गणत होतं. ते पूर्णांकातच होतं आणि बरोबर होतं. सेकंद काढायला तो आकडा ०.१ नं गुणला जाई, आणि ते ०.१ चोवीस बिटांत कापून ठेवलेलं होतं. दर ठोक्याला सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची तूट. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत ३६ लाख ठोके होतात, आणि तूट साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगानं येतं, त्यामुळे रडार पाचशेहून अधिक मीटर चुकीच्या जागी बघत राहिलं.

या घटनेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. नुसती तूट असती तर दोन वेळांची वजाबाकी करताना दोन्हींतली तूट एकमेकींना बहुतांशी खाऊन टाकते. पण जास्त नेमकं रूपांतर आधीच लिहिलं गेलं होतं आणि ते कोडमध्ये काही ठिकाणी बसवलं गेलं, काही ठिकाणी राहून गेलं. एक वेळ नव्या पद्धतीनं काढलेली, दुसरी जुन्या, आणि त्यांची वजाबाकी. अर्धवट दुरुस्तीनं चूक उघडी पडली. पूर्ण सुधारलेलं सॉफ्टवेअर दाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

जावात वेळ विचारायच्या दोन जागा आहेत आणि त्यांची गल्लत हे अनेक दुखण्यांचं मूळ. ‘करंटटाइममिलिस’ हे भिंतीवरचं घड्याळ आहे. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून आतापर्यंत किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. ‘नॅनोटाइम’ हे शर्यतीच्या पंचाच्या हातातलं घड्याळ आहे. २००४ च्या जावा ५ मध्ये ते आलं. त्याचा आकडा कुठून सुरू होतो याला काही अर्थ नाही, दोन वाचनांतला फरक तेवढा खरा.

भिंतीवरचं घड्याळ माणसांच्या करारावर चालतं, आणि करार बदलतात. सुरत आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. तिथला सूर्य आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण ३९ मिनिटं मागे असतो. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिला कडाडून विरोध केला, कारण त्यांना पहाटे तेवढं लवकर उठावं लागणार होतं. मुंबई शहरानं स्वतःची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली. दुसऱ्या महायुद्धात देशातली घड्याळं काही काळ तासभर पुढे होती. कोणाचाही दिवस यामुळे लांबला किंवा आखूड झाला नाही, फक्त काट्याची जागा बदलली. काट्याची जागा बदलत असताना दोन वेळांची वजाबाकी करून ‘किती वेळ लागला’ हे काढायला गेलं तर उत्तरात कराराचा बदलही येणार.

संगणकाच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तर रोज हलवले जातात. स्फटिक थोडा पुढेमागे धावतो, म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळवली जाते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं भारतातल्या कंपन्यांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. फरक थोडा असेल तर घड्याळ हळूहळू सरकवलं जातं, जास्त असेल तर एका झटक्यात. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल उतरला असेल तर वीज जाऊन आल्यावर तो कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठतो आणि इंटरनेट मिळताच आजच्या तारखेवर उडी मारतो. त्या उडीच्या अलीकडे सुरू झालेलं आणि पलीकडे संपलेलं तीन सेकंदांचं काम वजाबाकीत वर्षानुवर्षं चाललेलं दिसतं.

लीप सेकंदाची गोष्टही याच जातीची. पृथ्वीच्या फिरण्याशी अणुघड्याळाची वेळ जुळावी म्हणून १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद जादा घातला गेला. तो ग्रीनिचच्या मध्यरात्री घालतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद. १ जुलै २०१२ च्या पहाटे हा सेकंद आला आणि लिनक्सच्या टायमरमधल्या दोषामुळे जगभर कित्येक सर्व्हरवरचे जावा प्रोग्राम प्रोसेसर पूर्ण व्यापून अडकले. रेडिट बंद पडलं, मोझिलाच्या यंत्रणाही अडल्या. अनेकांनी जावा पुन्हा सुरू केली, मेमरी वाढवली, कोड धुंडाळला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. घड्याळाची तारीख नव्यानं बसवली की बरेचसे सर्व्हर शांत होत होते. पुढे, १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या एका यंत्रणेत दोन वेळांची वजाबाकी उणे आली. वेळ मागे जाणारच नाही असं कोडनं गृहीत धरलं होतं. तो कोड गो भाषेतला होता, पण जावात ‘करंटटाइममिलिस’ची वजाबाकी करणारा प्रत्येक जण तेच गृहीत धरतो. हा जादा सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं आहे.

आता प्रत्यक्ष दुखणं शोधायला बसू. समजा, कतारगामच्या एका कारखान्यात खड्याचं स्कॅनिंग किती वेळात झालं हे नोंदवणारा जावा प्रोग्राम आहे आणि नोंदी विचित्र येताहेत. कोड उघडण्याआधी नुसत्या नोंदींकडे बघा. चुकीच्या आकड्याचा चेहरा बहुतेक वेळा चुकीचं नाव सांगतो.

सगळीकडे शून्य सेकंद, किंवा नुसते पूर्ण सेकंद, आणि काम तर दोन-तीन सेकंद चालताना दिसतं. २,८४७ मिलिसेकंदांना १००० नं भागलं की जावा २ देते, आणि ८५० ना भागलं की शून्य, कारण दोन्ही बाजूंना पूर्णांक आहेत. अनेक जण मग पुढे ‘डबल’ लावून बघतात, पण तो कंसाच्या बाहेर लावला तर भागाकार आधीच होऊन गेलेला असतो आणि २.० मिळतं. १००० ऐवजी १०००.० लिहिलं की २.८४७ येतं. अशा भागाकारातून आलेल्या शून्यानं पुढे भागलं, म्हणजे ‘सेकंदाला किती खडे’ काढलं, तर पूर्णांकात प्रोग्राम थेट थांबतो. ‘डबल’मध्ये मात्र तो थांबत नाही, अहवालात ‘इन्फिनिटी’ छापून पुढे जातो, आणि शून्य भागिले शून्य असेल तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्याच नाही’. ‘नॅन’ स्वतःशीसुद्धा समान नसतो, म्हणून त्याला ‘==’ नं पकडता येत नाही. मला थांबणारा प्रोग्राम जास्त विश्वासाचा वाटतो.

तेरा आकडी प्रचंड संख्या आली तर कंस राहिलाय. शेवट वजा सुरुवात भागिले हजार असं सरळ लिहिलं की भागाकार आधी होतो, आणि आजच्या तारखेतून तिचा हजारावा भाग वजा होतो.

०, ०, १५, ०, १६ अशी माळ दिसली तर घड्याळाचा ठोकाच जाड आहे. विंडोजचा मूळ ठोका सेकंदाला ६४ वेळा, म्हणजे सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी पडतो. अशा कॉम्प्युटरवर ‘करंटटाइममिलिस’ आकडा मिलिसेकंदांत देतं, पण तो दर मिलिसेकंदाला बदलत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये पूर्ण झालेलं काम शून्य वेळात झालेलं दिसतं.

उणे आकडे आले तर दोन संशयित. घड्याळ मागे सरकलं हा एक, तो वर आलाच. दुसरा, पूर्णांक ओसंडून गेला. ‘इंट’मध्ये २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. लागलेले मिलिसेकंद ‘इंट’मध्ये ठेवून त्यांचे नॅनोसेकंद करायला दहा लाखांनी गुणलं, तर २,१४७ मिलिसेकंदांपर्यंत सगळं ठीक आणि २,१४८ ला उत्तर एकदम उणे. लहान खडे ठीक, मोठे खडे उणे अशी तक्रार येते, आणि लोक खड्याच्या आकारात कारण शोधू लागतात. याचीच थोरली बहीण जोशुआ ब्लॉक आणि नील गाफ्टर यांनी आपल्या जावा कोड्यांच्या पुस्तकात दिली आहे. दिवसाच्या मायक्रोसेकंदांना दिवसाच्या मिलिसेकंदांनी भागलं तर १००० यायला हवेत, जावा ५ छापते. गुणाकार ‘इंट’मध्येच होऊन ओसंडतो, उत्तर ठेवायला ‘लाँग’ दिलेला असला तरी. पहिल्याच आकड्याला ‘एल’ जोडून तो ‘लाँग’ केला की दुखणं संपतं.

आणि शेवटचा चेहरा सर्वांत चमत्कारिक. सगळ्या नोंदी शून्य, आणि मध्येच एखादी १,३१,०७२. हा आकडा दिसला की कोणीतरी वेळ ‘फ्लोट’मध्ये ठेवली आहे असं खुशाल समजावं. ‘फ्लोट’कडे फक्त २४ बिटं. १९७० पासूनचे मिलिसेकंद आता तेरा आकडी आहेत. त्या आकाराच्या दोन शेजारच्या ‘फ्लोट’ संख्यांमधलं अंतर दोनचा सतरावा घात, म्हणजे १,३१,०७२ मिलिसेकंद, दोन मिनिटं अकरा सेकंद. घड्याळ दोन मिनिटं जागचं हलत नाही आणि मग उडी मारतं. ‘डबल’मध्ये हे होत नाही. मात्र नॅनोसेकंदांचा आकडा ‘डबल’मध्ये ठेवला, तर दोनचा त्रेपन्नावा घात ओलांडल्यावर, म्हणजे साधारण १०४ दिवसांच्या नॅनोसेकंदांनंतर, एकेक नॅनोसेकंद वेगळा ओळखता येत नाही.

दुरुस्ती वजनासारखीच. दोन्ही वाचनं ‘नॅनोटाइम’ची घ्यायची, ‘लाँग’मध्ये ठेवायची, वजाबाकी ‘लाँग’मध्ये करायची, आणि माणसाला दाखवताना एकदाच शंभर कोटींनी, म्हणजे १,००,००,००,०००.० नं भागून सेकंद करायचे. दोन वाचनांत कोणतं आधीचं हे थेट लहानमोठं बघून ठरवायचं नाही, वजाबाकी करून ती शून्याहून कमी आहे का ते बघायचं, कारण ‘नॅनोटाइम’चा आकडा उणेही असू शकतो आणि टोकाला ओसंडूही शकतो. फरक २९२ वर्षांच्या आत असेल तर वजाबाकी बरोबरच येते. ‘नॅनोटाइम’चं वाचन डेटाबेसमध्ये साठवायचं नाही किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं नाही, तिथे त्याला काही अर्थ उरत नाही. खडा केव्हा तपासला ही तारीख हवी असेल तर ती भिंतीवरच्या घड्याळाचीच घ्यायची, आणि किती वेळ लागला तो फरक तिच्या शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवायचा. २०१४ च्या जावा ८ पासून यासाठी ‘इन्स्टंट’ आणि ‘ड्युरेशन’ असे दोन वेगळे प्रकारच आहेत.

एवढं करून घड्याळ शंभर नंबरी झालं, तरी मोजलेला वेळ कामाचाच असेल असं नाही. जावा प्रोग्राम सुरुवातीला ओळीमागून ओळ अर्थ लावत चालवते, आणि जो भाग वारंवार चालतो त्याचं चालता चालता यंत्रभाषेत रूपांतर करते. त्यामुळे पहिला खडा संथ आणि हजारावा झपाट्यानं. दोन पद्धतींची तुलना करताना जी आधी चालवली ती उगाच हरते. मध्येच वापरात नसलेली मेमरी गोळा करायला प्रोग्राम क्षणभर थांबतो, तो क्षण कोणाच्या तरी खात्यावर पडतो. आणि सर्वांत फसवं म्हणजे, मोजण्यासाठी लिहिलेल्या लूपचं उत्तर पुढे कुठेच वापरलं नसेल तर रूपांतर करणारी यंत्रणा ते लूप निरुपयोगी समजून काढून टाकते. मग एक कोटी फेऱ्या काही नॅनोसेकंदांत झालेल्या दिसतात, आणि पाहणारा हरखून जातो. यावर उपाय म्हणून जावा घडवणाऱ्यांनीच जेएमएच नावाचं साधन दिलं आहे. ते आधी प्रोग्राम तापवून घेतं, मग मोजतं, आणि प्रत्येक उत्तर वापरलं जाईल याची तजवीज करतं. ते वापरायचं नसेल तर निदान उत्तरांची बेरीज करून शेवटी छापावी, सुरुवातीच्या काही हजार फेऱ्या सोडून द्याव्यात, आणि सरासरी काढण्याऐवजी सगळे वेळ चढत्या क्रमानं लावून मधला बघावा. एखाद्याच लांबलेल्या फेरीनं सरासरी ओढली जाते, मधला आकडा जागचा हलत नाही.